गाव बदलतंय, शाळा कोणती घ्यावी?



मे महिना लागला की आमच्या सोनगीरला सामान भरलेले टेम्पो दिसायला लागतात. कुणाची बदली झालेली असते, कुणाला नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत किंवा पुण्याकडे चाकणला नोकरी लागलेली असते, कुणी सुरतला भावाच्या आधाराने बिऱ्हाड हलवत असतं. आणि जाण्याआधी यातले बरेच जण माझ्याकडे येऊन जातात. मला निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी प्रश्न तोच. "बाई, तिकडे पोरासाठी कोणती शाळा चांगली?"

आता मला काय सगळ्या पुण्या-नाशिकच्या शाळा माहीत आहेत थोड्याच! पण चौतीस वर्षं हायस्कुलात काढली, त्यात दुसऱ्या गावाहून आलेली कितीतरी मुलं आठवी-नववीत माझ्या वर्गात येऊन बसली. त्यांच्यावरून माझं एक मत झालंय. ते सगळ्यांना एकेकदा सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवते. आपल्या घरातल्या मंडळींनाही उपयोगी पडेल, कारण यंदा आपल्याच नात्यात दोन घरं हलणार आहेत.

माझं मत असं, की "चांगली शाळा कोणती?" हा प्रश्नच अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा, की "आपल्या मुलाला, या इयत्तेत, मध्येच आलेल्याला, नीट सामावून घेणारी शाळा कोणती?" पहिलीपासून तिथेच वाढलेल्या मुलांसाठी चांगली असलेली शाळा नववीत गावाहून आलेल्या मुलासाठी चांगली असेलच असं नाही. नवीन रोपाला आणि जुन्या झाडाला पाणी सारखंच लागतं, पण काळजी सारखी लागत नाही.

लोक पहिली बघतात ती निकालाची पाटी. फाटकावर मोठा फ्लेक्स, "दहावीचा निकाल १०० टक्के", खाली नव्वदच्या वरच्या मुलांचे फोटो. आमचं गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. इथल्या बायका भांडं घेताना नुसती चकाकी बघत नाहीत. उलटं करून बुड बघतात, जोड कुठे आहे ते बघतात, बोटाने वाजवून बघतात. मग पोराच्या शाळेच्या बाबतीतच नुसत्या चकाकीवर का जायचं?

हा १०० टक्के कसा निघतो ते समजून घ्या. निकाल मोजतात तो परीक्षेला बसलेल्या मुलांचा. पन्नास बसले, पन्नास पास झाले, निकाल १०० टक्के. पण आदल्या वर्षी नववीत किती होते? सत्तर होते का? मग वीस गेले कुठे? काही गाव सोडून गेले असतील, तेही होतं. पण काही शाळांत नववीच्या निकालानंतर पालकांना बोलावून हळूच सांगितलं जातं, "याचं दहावीचं जरा अवघड दिसतंय, दाखला घेऊन जा, नाहीतर बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा." हा १७ नंबरचा फॉर्म शाळा सुटलेल्यांना पुन्हा संधी मिळावी म्हणून आहे, चांगली सोय आहे ती. पण वर्गात बसलेल्या मुलाला निकाल खराब होईल म्हणून तिकडे ढकलायचं, हे शिक्षण नव्हे. धान्य निवडावं तशी मुलं निवडायची आणि मग म्हणायचं, बघा आमचं धान्य किती स्वच्छ!

आणि नववीच का, तर त्यालाही कारण आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवणं बंद झालं. २०२३ साली राज्याने नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. तरी खरी चाळणी नववीलाच लागते. आणि गाव बदलणारा मुलगा नेमका तिथेच कच्चा पडण्याची भीती जास्त. नवं गाव, नवे सर, नवे सोबती. पहिल्या घटक चाचणीत मार्क घसरणारच. त्या वेळी शाळा त्याला हात देते की दाखला देते, हे महत्त्वाचं.

म्हणून सगळ्यांना माझा पहिला सल्ला. शाळेत गेलात की निकाल विचारू नका. विचारा, "दोन वर्षांपूर्वी नववीत किती मुलं होती आणि गेल्या वर्षी त्यांतली दहावीला किती बसली?" हसून, नमस्कार करून विचारा, पण विचारा. उत्तर लगेच आलं तर शाळा सरळ आहे. "ते ऑफिसात बघावं लागेल" असं म्हणून विषय फीवर गेला, तर काय समजायचं ते समजा. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, त्यावरून शाळेतल्या विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची संख्या इंटरनेटवर बघता येते. घरातल्या तरुण मुलांना सांगा, ती पाच मिनिटांत काढून देतील.

दुसरी गोष्ट माध्यमाची. इथे मी जरा कडक बोलणार आहे, राग मानू नका. गाव आणि माध्यम एकाच वर्षी बदलू नका. मूल पहिली-दुसरीत असेल तर गोष्ट वेगळी, लहान मुलं काहीही पचवतात. पण आठवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला शहरात गेल्या गेल्या नववीत इंग्रजी माध्यमाच्या सीबीएसई शाळेत घालायचं, म्हणजे पोहायला न येणाऱ्याला मधल्या धारेत सोडायचं.

आमच्या ओळखीतल्या एका घरी असंच झालं. मुलगा इथे वर्गात पहिला यायचा, गणिताचा तर किडाच. वडिलांना पुण्याला नोकरी लागली. मोठी शाळा, पोहण्याचा तलाव, दारात बस. पहिल्याच दिवशी बाकाजवळ उभं राहून त्याने शेजारच्या मुलाला विचारलं, "मी आठे बसू का?" आपल्या अहिराणीत आठे म्हणजे इथे. घरात जी भाषा, ती घाईत तोंडात आली. वर्ग हसला. सरही हसले. त्यानंतर त्याचं नावच "आठे" पडलं. दिवाळीपर्यंत तो वर्गात तोंड उघडेनासा झाला आणि सहामाहीला गणितात नापास! गणित तेच होतं हो, पण प्रश्न वाचून तो काय विचारतोय हेच कळायला त्याला अर्धा वेळ लागायचा. पुढच्या जूनमध्ये आईने हट्ट धरून त्याला घराजवळच्या एका साध्या अनुदानित शाळेत सेमी इंग्रजीच्या तुकडीत नववीला घातलं. वर्ष गेलं, पण मुलगा परत आला. दहावीला गणितात चांगले मार्क पडले. तरी त्याची आई मला म्हणाली, "बाई, मार्क आले, पण आता तो घरातसुद्धा अहिराणी बोलत नाही." हे मात्र कोणत्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

सेमी इंग्रजी ही आपल्यासारख्यांसाठी मधली पायरी आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. पुढे अकरावीला सायन्स घ्यायचं असेल तर त्याचा उपयोग होतोच. आणि राज्य मंडळाची एक सोय लोक विसरतात. बालभारतीची पुस्तकं सगळीकडे सारखी. सोनगीरच्या दप्तरातलं पुस्तक नाशिकला, पुण्याला, लातूरला चालतं. ऑगस्टमध्ये बदली झाली तरी धडा फार तर दोन-तीन पुढे-मागे असेल. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीतल्या लोकांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालयं काढली ती याच कारणाने, की देशात कुठेही गेलं तरी मुलाचा अभ्यासक्रम तुटू नये. ज्याची दर तीन वर्षांनी राज्याबाहेर बदली होते त्याने सीबीएसई जरूर घ्यावं. पण ज्याला एकदाच धुळे जिल्ह्यातून पुणे जिल्ह्यात जायचंय, त्याने शेजारच्याने घेतलं म्हणून बोर्ड बदलू नये.

सुरतेचं जरा वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या खान्देशातली निम्मी नाती आता तिकडे आहेत. उधना, लिंबायत या भागांत गेलं तर परक्या राज्यात आलोय असं वाटतच नाही. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते आणि तिच्या सुमन हायस्कुलांतही मराठी माध्यम आहे. गुजरात बोर्डाची दहावी मराठीतून देता येते. मात्र गुजरातने २०२३ साली कायदा करून पहिली ते आठवीच्या सगळ्या शाळांत गुजराती विषय सक्तीचा केलाय. आपल्या महाराष्ट्रातही २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावीपर्यंत सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवावंच लागतं, तेव्हा तक्रारीला जागा नाही. सातवीतलं मूल सुरतला न्यायचं असेल तर एप्रिलपासूनच गुजराती अक्षरं गिरवायला लावा. लिपी आपल्या देवनागरीच्या जवळची, फक्त डोक्यावरची रेघ नाही. सुट्टीत शिकून होते. आणि परत महाराष्ट्रात यायचा विचार असेल तर तो दहावीनंतर करा, नववी-दहावीच्या मध्ये नको. दहावीच्या परीक्षेचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळेतूनच भरले जातात. त्या गडबडीत नवं मूल, नवे कागद म्हणजे सगळ्यांनाच ताप.

तिसरं, अंतर. शहरात गेलं की लोकांना पाच-दहा किलोमीटर काहीच वाटत नाही. पण मुलाच्या अंगाने विचार करा. सकाळी सहाला उठून बस, संध्याकाळी पाचला घरी, मग क्लास. नव्या गावात त्याला मित्र मिळणार कुठे? बसमध्ये? मित्र मिळतात ते घराजवळच्या शाळेत, कारण शाळा सुटल्यावर तीच मुलं मैदानावर भेटतात. चालत किंवा सायकलने जाता येईल अशी शाळा असेल तर तिला मी मनातल्या मनात दहा मार्क जास्त देते.

चौथं म्हणजे शिक्षक. इमारत बघू नका, मस्टर बघा, असं मी गमतीने म्हणते. मस्टर काही दाखवणार नाहीत, पण एवढं विचारता येतं, की नववी-दहावीला गणित आणि इंग्रजी कोण शिकवतं आणि ते किती वर्षांपासून आहेत? महाराष्ट्रात २००१ साली "कायम विनाअनुदान" धोरण आलं, २००९ साली त्यातला "कायम" शब्द गेला, पण तोवर कितीतरी शिक्षकांची उमेदीची वर्षं तुटपुंज्या पगारावर गेली. शिक्षणसेवक योजना २००० सालची. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ पासून १८ हजार झालं, त्याआधी त्याच्या निम्म्याहून कमी होतं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचं तर विचारूच नका. ही माणसं मेहनती असतात, मी जवळून पाहिलीत. पण ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तो नव्या मुलाला वर्षभर सांभाळणार कसा? तीन वर्षांत गणिताचे तीन सर बदलले असतील तर ती शाळा कितीही चकचकीत असो, दोनदा विचार करा.

कागदांचंही सांगून टाकते, कारण त्यावरून लोक उगाच घाबरतात. शाळा सोडल्याचा दाखला मागितल्यावर मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने आठवीपर्यंत प्रवेश अडवायचा नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. नववी-दहावीतही दाखल्यावाचून मुलांची अडवणूक करू नये, असं राज्य शासनाने २०२१ साली शाळांना बजावलं. तरी जुन्या शाळेतून नाव, जन्मतारीख, जात यांचं स्पेलिंगसकट सगळं तपासूनच निघा. एका अक्षराच्या चुकीपायी पुढे दहा हेलपाटे पडतात.

आता कुणी म्हणेल, "बाई, तुमचं जुनं झालं. आता स्पर्धेचं युग आहे, नावाच्या शाळेचा फायदा होतोच." होतो, मी नाही म्हणत नाही. शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असेल तर अकरावीला संस्थेतल्या मुलांसाठी काही जागा असतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा चांगली असते. पण २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालाय. तिथे शाळेचं नाव नाही, मुलाचे मार्क बघतात. आणि मार्क मिळवायला मुलाचं मन थाऱ्यावर लागतं.

नावाच्या शाळेचा विषय निघाला की मला सुभेदार रामजी आंबेडकरांची आठवण येते. मुलाच्या शिक्षणासाठी धडपडणारा बाप! १९०४ साली साताऱ्याहून बिऱ्हाड मुंबईला आणलं, परळच्या चाळीत एका खोलीत राहिले आणि भीमरावांना एल्फिन्स्टन हायस्कुलात घातलं. शाळा सरकारी, मोठ्या नावाची. पण तिथेही त्यांना संस्कृत शिकू दिलं नाही, पर्शियन घ्यावी लागली. ते फळ्याकडे गेले तर मुलांनी फळ्यामागचे डबे हलवले. आणि पाठीवर हात ठेवणारे गुरुजी कोण भेटले? कृष्णाजी अर्जुन केळुसकर, दुसऱ्याच शाळेचे, विल्सन हायस्कुलातले! चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या मुलाची त्यांनी चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. शाळेच्या नावाने जे दिलं नाही ते एका माणसाने दिलं.

आणि आपल्या खान्देशातलं उदाहरण हवं असेल तर अमळनेर काही लांब नाही. साने गुरुजी स्वतः गाव बदलत शिकलेले. पालगडचा मुलगा दापोलीच्या मिशन हायस्कुलात, तिथून औंध संस्थानात, तिथून पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात. १९१८ ला मॅट्रिक. परक्या गावात उपाशीपोटी शिकणं काय असतं हे ज्याला ठाऊक, तो माणूस १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला आणि छात्रालयाचं काम त्याच्याकडे आलं. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या खोल्या झाडल्या, अंथरुणं घड्या करून ठेवली, त्यांच्यासाठी "विद्यार्थी" नावाचं मासिक काढलं. १९३० पर्यंत, म्हणजे जेमतेम सहा वर्षंच ते तिथे होते. पण त्या मुलांनी जन्मभर ती सहा वर्षं सांगितली. त्या वेळच्या प्रताप हायस्कुलाचा निकाल किती टक्के होता, हे आज कुणाला आठवतंय?

एक गोष्ट आपल्या गावाबद्दलही बोलते. सोनगीरला बदली होऊन येणारे साहेब, बँकेतले लोक, काही शिक्षकसुद्धा, राहतात धुळ्याला. इथून जेमतेम वीसेक किलोमीटर. मुलं तिकडच्या शाळेत आणि नोकरी इकडे. त्यांचं मी समजू शकते. पण ज्या गावातल्या शाळेत साहेबाचं मूल बसत नाही, त्या शाळेच्या गळक्या छपराची तक्रार कोण करणार? शेतकऱ्याचं, मजुराचं पोर तेवढं तिथे उरतं, आणि त्याच्या बापाला पालक सभेत बोलायची हिंमत नसते. जाणाऱ्यांनी जावं, पण जी शाळा आपल्याला इथवर घेऊन आली तिला विसरू नये. वर्षातून एकदा आलात तर घरी चहा घेऊन परत फिरू नका, शाळेतही डोकवा.

असो. बोलता बोलता फार लांबलं. शेवटी एवढंच करा. पसंत पडलेल्या शाळेत दोनदा जा. एकदा कार्यालयात, आणि एकदा कुणाला न सांगता, मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर. मुलं कशी बाहेर येतात बघा. शिपाई त्यांच्याशी कसा बोलतो ऐका. शक्य असेल तर नववीतल्या एखाद्या मागच्या बाकावरच्या मुलाला विचारा, "काय रे, सर ओरडतात का समजावून सांगतात?" पुढच्या बाकावरची मुलं कुठेही शिकतात. शाळा कळते ती मागच्या बाकावर. आणि आपलं मूल पहिले सहा महिने तरी तिथेच बसणार आहे.

शाळा ठरवायच्या आधी मुलालाही विचारा. ते काय बोलतं ते ऐका, आणि अहिराणीत बोललं तर अहिराणीतच उत्तर द्या.